शिवेबाहेरचा ढीग

१

अंगणात सडाही पुरता पडला नव्हता, तोच केवळराम फाटकातून बोंबलत आला.

"पाटलीनबाई, बोडी मेली!"

माणूस गेल्याची खबर द्यावी तसं बोलला. मी बादली तिथंच टाकली आणि त्याच्या मागं निघाले.

बोडी म्हणजे मोठ्या तलावाच्या पाळीखालचं लहानसं तळं. आमच्या गावचे ढिवर पावसाळ्यात तिच्यात मासोळीचं बीज सोडतात. बीज बोटाएवढं झालं की पोळ्यानंतर मोठ्या तलावात नेऊन टाकतात. त्या बोटाएवढ्या मासोळीवर सगळ्या ढिवर मोहल्ल्याचं पुढचं वर्ष उभं असतं.

मी पाळीवर चढले. पाणी दिसतच नव्हतं. पांढरी पोटं वर करून सगळं बीज तरंगत होतं, या काठापासून त्या काठापर्यंत. पाणकावळे त्यावर तुटून पडले होते. मच्छीमार सोसायटीची माणसं काठावर उभी होती. कोणी रडत नव्हतं, कोणी शिव्याही देत नव्हतं. सोसायटीचा अध्यक्ष मोतीलाल, बीज राखायचं काम ज्याच्याकडं होतं तो, गुडघ्यात डोकं घालून चिखलात बसला होता.

"पहा कसे खाऊन राहिले," केवळराम पाणकावळ्यांकडं हात करून म्हणाला. "काल दुपारी मी मोठ्या पाळीवरून गेलो, त एक पाखरू खाली उतरत नव्हतं. सारे बाभळीवर बसून. त्याइले आधीच समजलं होतं जी!"

"पाखरांना समजलं, सचिवाला नाही समजलं," मी म्हटलं. केवळराम सोसायटीचा सचिव. तोंडाचा फाटका आहे, पण खोटं बोलत नाही.

"मलेबी समजलं. हे रंजूनं केलं."

रंजू ही मोतीलालची सून. नवरा मिथुन हैदराबादेत बांधकामावर असतो, आणि ही ग्रामपंचायतीचं कचरा केंद्र सांभाळते. बाटल्या, प्लॅस्टिकच्या पन्न्या, डबे वेगळे करून गठ्ठे बांधते. गावानं तिला कामाला लावलं आणि त्याच कामासाठी नाक मुरडलं. आपल्याकडची ही जुनीच तऱ्हा.

"पहाटे म्या डोळ्यानं पाहिलं," केवळराम सांगू लागला. "बोडीतून निघाली. गळ्यापर्यंत ओली. डोक्यावर टोपलं, वरून बेशरमाचा पाला. केंद्रातले विषाचे डबे बोडीत धुतले तिनं. दुसरं काय असन?"

रंजू तिथंच उभी होती. केस अजून ओले, कडेवर पोरगी खुशी, अंगठा चोखणारी.

"होती का वं तू पहाटे इथं?" मी विचारलं.

"होती."

"कायले?"

मी पुन्हा विचारलं, दटावून विचारलं. तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं, बस.

"पाहा!" केवळराम ओरडला. "आमचं ठरलं आहे. दुपारच्या यष्टीच्या आधी समाजमंदिरात बैठक. हिले माहेरी धाडा, बपेऱ्याले. परत येऊ नये. पोरगी मिथुनची, ती इथंच राहीन."

बपेरा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मध्य प्रदेशाच्या शिवेवर. तिकडं गेलेली बाई पोरीला पाहायला कधी येणार? रंजूनं खुशीला असं आवळलं की पोरगी रडायला लागली.

"मोतीलालभाऊ, तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

त्यानं डोकं वर केलं नाही. "समाज म्हनन तसं," तो म्हणाला.

रंजू त्याच्याकडं बघत राहिली.

२

मी या गावची पोलीस पाटील. परीक्षा देऊन झाले, नवऱ्याच्या नावावर नाही. तरी लोक मला पाटलीनबाई म्हणतात, जसा काही जागेश्वर पाटील आहे! जागेश्वर धान लावतो आणि झोपतो, दोन्ही मनापासून.

ठाण्यात फोन केला असता तर साहेब उद्या आले असते. पोरीपासून आईला तोडायचं काम आज दुपारी होणार होतं. म्हणून मी फोन केला नाही. आणि खरं सांगू का, निर्दोष माणूस तोंड शिवून बसला की मला त्याचा चोरापेक्षा जास्त राग येतो. रंजू निर्दोष आहे हे मला कशावरून वाटलं? एवढ्यावरून, की डबे धुवायला घोटाभर पाणी पुरतं. काठावर बसून खळबळायचे आणि निघायचं. गळ्यापर्यंत कोण जातं?

पहिला नंबर धनंजयचा. बोडीला लागून त्याची राईस मिल आहे. कोंड्याची राख कुठं टाकायची हा त्याचं कायमचं रडगाणं. मागं त्यानं बोडीच बुजवायला मागितली होती, सोसायटीनं त्याला हाकलून दिलं होतं. म्हणजे कारण होतं.

मी गेले तेव्हा तो राखेच्या डोंगराजवळच उभा होता. वाऱ्यानं राख उडून त्याच्या पांढऱ्या शर्टावर बसत होती.

"तुम्ही येणार, मले माहीत होतं," तो म्हणाला. "गावात काही सडलं की पहिले मिलवाल्याले धरा. अहो, राखेनं मासे मरते त हा मोठा तलाव कवाचाच मेला असता. बोडीच्या पाण्यावर राखेची साय दिसली का तुम्हाले?"

नव्हती दिसली. मासोळ्यांच्या फटीतून दिसलेलं पाणी स्वच्छ होतं.

"दुसरं सांगतो. माह्या म्हशी रोज सकाळी बोडीवरच पानी पेतात. आजबी पेल्या. त्या पाहा, मस्त रवंथ करून राहिल्या. मी विष टाकलं असतं त आपल्या म्हशी कोनी पाजल्या असत्या का?"

म्हशी खरोखरच मस्त होत्या. माजलेल्या, मालकासारख्या.

धनंजयचा राग आला, पण त्यानं न कळत मला अर्धी वाट दाखवली. म्हैस जगली, मासोळी मेली. बोडीच्या काठाला मी पाणकिडेही मेलेले पाहिले होते. जनावराला काही न होता मासोळी आणि किडा तेवढा मरावा, असं विष आमच्या प्रत्येक घरात असतं. धानावर तुडतुडा पडला की बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, फवारतात, तेच. आणि फवारणीचं पाणी बोडीत वाहून आलं म्हणावं, तर बोडीची पाळ बांध्यांपेक्षा उंच. पाऊसही नव्हता झाला. म्हणजे विष कोणाच्या तरी हातानं आत गेलं.

पण कोणाच्या?

३

कैलाश भंगारवाला लाखांदूरहून तीनचाकी सायकल घेऊन येतो. चहाच्या टपरीवर सापडला. मला बघून त्याचा चहा बशीत सांडला.

"काल पाडव्याले तू शिवेजवळ दिसला होता म्हणे," मी अंदाजानं खडा टाकला.

"दिसलो असन. रस्ताच आहे तो." तो इकडंतिकडं पाहू लागला. "पाटलीनबाई, म्या हात नाही लावला. लेकराची आन."

"कशाला हात नाही लावला?"

"मारबतीच्या ढिगाले."

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सकाळी आमच्याकडं घरोघरची इडापिडा गावाबाहेर काढतात. घरातली झिजलेली झाडणी, फाटकं सूप, पळसाची डहाळी घ्यायची, "खोकला घेऊन जा गे मारबत, ताप घेऊन जा गे मारबत" असं ओरडत शिवेपर्यंत जायचं आणि तिथं फेकून मागं न बघता परत यायचं. तिथं पडलेल्या वस्तूला पुन्हा कोणी हात लावत नाही. जो ती गावात आणेल, तो पिडा परत आणेल. एवढं सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं.

पूर्वी त्या ढिगात मातीचं आणि बांबूचं असायचं, पावसात जिरून जायचं. आता घंटागाडी आली, ओला-सुका कचरा आला, आणि इडापिडाही प्लॅस्टिकची झाली! हल्ली शेतकरी फवारणीचे रिकामे डबेच मारबतीला देतात. "तुडतुडा घेऊन जा गे मारबत." त्यातही एक शहाणपण काढलंय. डब्यात घोटभर औषध मुद्दाम ठेवायचं, किडीचा वाटा म्हणून. आणि तोंड उघडं ठेवून फेकायचं, पिडा कोंडून राहू नये म्हणून. काल जागेश्वरनंही तेच केलं. डबा ढिगावर आणि लाल झाकण भिरकावून बोरीच्या काट्यात. मी म्हटलं, अहो, हे विष आहे, असं उघडं काय टाकता? तर म्हणे, तुले मारबतीतलं काय समजते! पोलीस पाटील बायकोला हे ऐकून घ्यावं लागतं.

"डबे पाहिले म्या," कैलाश सांगत होता. "सकाळी जाताना. चांगले जाड डबे. आता काच कोनी घेत नाही, पन्नी कोनी घेत नाही, असे डबेच तेवढे खपतात. जीव तुटला. पन भंगारवाला झालो म्हनून का मराचं आहे? दुपारी परत आलो त एकबी डबा नव्हता जी. मले वाटलं, तुमची घंटागाडी घेऊन गेली."

पाडव्याला घंटागाडी बंद. आणि ती शिवेबाहेर कधीच जात नाही.

मी तशीच शिवेवर गेले. ढीग होता. झाडण्या, सुपं, पळसाची डहाळी, फुटका माठ. डबा नावाला नव्हता. मग मी बोरीच्या झुडपात वाकले. जागेश्वरनं फेकलेलं लाल झाकण मला चांगलं आठवत होतं. हात ओरबाडून निघाले, साडी फाटली, पण झाकण सापडेना. लाल नाही, निळं नाही, हिरवं नाही. सगळ्या गावानं भिरकावलेली झाकणं कोणी तरी काट्यात हात घालून वेचून नेली होती.

मी तिथंच बसले. डबे नेणारा चोर समजतो. भंगारात विकेल. पण काट्यातून झाकणं वेचणारा? झाकणाला वजन नसतं. भंगारवाला तर झाकण काढून फेकतो. मग रिकाम्या डब्याला झाकण लागतं कोणाला?

डबा बंद ठेवायचा असेल त्याला. आणि रिकामा डबा बंद कशाला ठेवायचा?

उत्तर सुचलं आणि मला ते नको वाटलं.

४

मी मोतीलालच्या घरी गेले. तो आत भिंतीकडं तोंड करून पडला होता. रेवताबाई, त्याची बायको, ओट्यावर खुशीची झबली घडी करत होती. ती घडी बघून माझं डोकंच फिरलं.

"पोरगी ठेवून घ्यायची तयारी चालू आहे वाटतं?"

"मंग काय करू पाटलीनबाई?" ती रडायला लागली. "समाजाच्या बाहेर जाऊन आमी पानी कुठं पाहाव? मिथुनले फोन लावला, त तो म्हनते बाबा सांगन तसं करा. अन् बाबा त बोलतच नाही. सकाळपासून पान्याचा घोट नाही घेतला. रंजूनं ताट वाढून ठेवलं, त तसंच."

"सून कशी वागते तुमच्याशी?"

"लेकीवानी आहे." तिनं पदरानं डोळे पुसले. "खोटं कायले बोलू? मले उठताबी येत नव्हतं गेल्या साली, त माहं सारं हिनंच केलं."

"आणि मोतीलालभाऊ? काल दिवसभर कुठं होते?"

"बोडीवरच. आठ दिवसापासून त्या पानकावळ्याच्या मागं लागले होते. बीज खाऊन राहिले, बीज खाऊन राहिले, हाच धोसरा. रंजूले डबे मांगतले बांधाले. ती म्हनाली, केंद्रात विषाचे डबे घेत नाही, अन् पान्याच्या बाटल्या पातळ, वाऱ्यानं उडते. मंग कायतरी केलं असन त्याइनं. काल दुपारी मोठे खुशीत जेवाले आले. म्हने, आता एक पाखरू उतरत नाही."

आतून खाट करकरली. रेवताबाईला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. आतल्याला कळलं असावं.

मी बोडीवर गेले. आता तिथं कोणी नव्हतं. या काठाला बाभूळ, समोरच्या काठाला रोवलेला बांबू. बाभळीच्या सालीवर दोरीचा ताजा काच होता. फिरून पलीकडं गेले. बांबूवरही तसाच. दोरी मात्र दोन्हीकडं नव्हती. काल या काठापासून त्या काठापर्यंत पाण्यावर काही तरी ताणलेलं होतं. हलणारं, तरंगणारं, झाकण लावलेल्या रिकाम्या डब्यांसारखं. त्याला भिऊन पाणकावळे दिवसभर बाभळीवर बसले. आज ते नव्हतं, म्हणून उतरले.

आणि डबे आणखी न सांडता बोडीच्या मधोमध ताणलेली दोरी गोळा करायची, तर गळ्यापर्यंत पाण्यात जावंच लागतं.

रंजूनं टोपल्यात विष आणलं नव्हतं. नेलं होतं.

५

हजार डब्यांत डबे लपवायचे, याहून चांगली जागा कुठली? मी कचरा केंद्रात शिरले. गठ्ठ्यांच्या मागं रिकामं टोपलं आणि पोतं होतं, त्यावर बेशरमाचा पाला अजून हिरवा. तोंड सोडलं आणि उग्र वास नाकात गेला. जाळं विणायच्या दोरीत ओवलेले डबे. निळ्या डब्याला हिरवं झाकण, पांढऱ्याला निळं. आमच्या जागेश्वरचं लाल झाकण भलत्याच कंपनीच्या डब्यावर, वाकडं बसलेलं. मी डबा आडवा केला तर झाकणाखालून थेंब थेंब गळायला लागलं.

घाईत काट्यातून वेचलेली झाकणं, ज्या डब्याला जे हाती आलं ते. कुठलंच धड बसलं नव्हतं. आणि प्रत्येक डब्यात किडीचा वाटा.

"ठेवा ते," मागून आवाज आला. रंजू दारात उभी होती. खुशी तिच्या पदराला धरून.

"तुला कळलं कसं?"

"पहाटे बाहेर गेलती. उजेड व्हाले लागला होता. मासोळ्या पाहिल्या, मंग माळ दिसली. डबे म्या वळखले. काल सारं गाव मारबतीले घेऊन चाललं होतं ना." ती शांत बोलत होती, मला तेच सहन होत नव्हतं. "मामाजी घरी निजून होते. त्याइले कोनी पाहू नये म्हनून म्या वढून आनली."

"अवं मग सकाळी तोंड काहून नाही उघडलं? पोरीपासून तोडून राहिले तुले! मारबतीचं गावात आणलं त्यांनी, बीज मारलं त्यांनी, आणि शिक्षा तुले?"

"मले मालूम आहे."

"मी सांगते बैठकीत. आत्ता चल."

तिनं माझा हात धरला. तिचे हात गार होते.

"सारं सांगा पाटलीनबाई. माळ सांगा, झाकनं सांगा. फक्त मामाजीचं नाव नोका घेऊ. तुमच्या पाया पडतो."

"काहून?"

"नोका घेऊ. एवढंच."

मी तिला नाही नाही ते बोलले. बावळट म्हटलं, सती सावित्री म्हटलं, पोरीची वैरीण म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. शेवटी मीच शब्द दिला. देताना स्वतःलाच म्हणत होते, कौशल्ये, तू हे चुकीचं करून राहिली.

६

समाजमंदिर भरलं होतं. बाहेर यष्टी येऊन उभी होती, आमच्या गावातूनच ती वळून जाते. रंजूची पिशवी दाराशी ठेवलेली. मोतीलाल भिंतीला टेकून बसला होता. त्याला कोणी तरी धरून आणलं होतं.

मी पोतं सगळ्यांच्या मधोमध उलटं केलं. डबे गडगडत सुटले तसे लोक मागं सरकले.

"मारबतीचे!" कोणी तरी किंचाळलं.

"हो, मारबतीचे," मी म्हटलं. "कोणाचा डबा नाही यात? ज्याचा नसेल त्यानं हात वर करा."

कोणी हात केला नाही. जागेश्वर कोपऱ्यात होता, त्यानं मान खाली घातली.

मग मी सगळं सांगितलं. म्हशी का जगल्या, पाणकावळे का उतरले नाहीत, झाकणं कोणाला लागतात, ती का गळली. हे काम बोडी मारणाऱ्याचं नाही, बीज वाचवणाऱ्याचं आहे, हेही सांगितलं. रंजू गळ्यापर्यंत का भिजली ते सांगितलं. "तिनं विष काढलं. टाकलं नाही."

"मंग टाकलं कोनं?" केवळरामनं विचारलं.

मी रंजूला शब्द दिला होता. मी मोतीलालकडं पाहिलं नाही, पण आयुष्यात कोणाकडं न पाहायला मला इतके कष्ट पडले नव्हते. तो भिंतीला टेकूनच राहिला.

"कोनाचीबी असन माळ," केवळराम म्हणाला. आवाज उतरला होता, तरी हट्ट सुटत नव्हता. "पन मारबतीचं गावात आनून लपवलं त हिनंच ना? पिडा आनली ती आनलीच. हिले जावं लागन."

माणसांनी माना हलवल्या. भ्यालेली माणसं लवकर माना हलवतात. "अरे, तुमची बुद्धी गहाण पडली का?" मी ओरडले. माझं कोणी ऐकेना. बाहेर ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. रेवताबाई उठली, रडत रडत रंजूपाशी गेली आणि खुशीचे हात तिच्या गळ्यातून सोडवायला लागली. पोरगी जी किंचाळली, ते मला अजून ऐकू येतं. रंजूनं ओढाताण केली नाही. पोरगी सुटली. तिनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि तिथं वळून उभी राहिली. ती कोणाकडं पाहत होती ते मला तेव्हा कळलं.

"थांबा," मोतीलाल म्हणाला.

तो भिंतीला धरून उठला. "माळ माही आहे. म्या उचलले मारबतीचे डबे. सारे घरी जेवून राहिले होते तवा. पाखरं बीज खाऊन राहिले होते, मले दुसरं काही सुचलं नाही. म्या झाकनं लावले. म्या बांधली." त्यानं समोरचा एक डबा उभा केला. "सकाळी पाहिलं त माळ नव्हती. मले वाटलं, देवानं झाकलं. म्हनून बोललो नाही. माह्या हातानं मेलं सारं. मले काहाडा समाजातून."

केवळराम मटकन खाली बसला. मोतीलाल डब्यांमधून वाट काढत सुनेपाशी गेला.

"तुले मालूम होतं?"

"हाव."

"मंग काहून नाही सांगतलं वं माय?"

"तुमी सांगान म्हनून वाट पाहून राहिली होती, मामाजी," रंजू म्हणाली. "बोडीवर पाहिली. ताट वाढलं तवा पाहिली. आता पोरगी हिसकली, तवाबी पाहिली."

मी तिला सती सावित्री म्हटलं होतं. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

तिनं रेवताबाईच्या कडेवरून खुशीला घेतलं. रेवताबाईनं दिलं, मुकाट्यानं. "अवं, आता कायले जातेस?" केवळराम कसाबसा बोलला. "तुह्यावर काही नाही राहिलं." रंजूनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पोरीला घेऊन ती पायऱ्या उतरली आणि यष्टीत चढली. मी मागं धावले, खिडकीपाशी गेले. "रंजू, मिथुनला काय सांगू?"

"त्यालेबी म्हनाव, बाबा सांगन तसं कर," ती म्हणाली.

कंडक्टरनं घंटी मारली. मोतीलाल गाडीच्या मागं वळणापर्यंत चालत गेला, हात पुढं करून, काही तरी बोलत. गाडी गेली. तो रस्त्यातच बसला. आम्ही सगळे पायऱ्यांवर उभे होतो आणि रेवताबाई त्याला उठवायला गेली नाही.